सायकल रोज चालते, मग काटा का हलत नाही

नाशकात सकाळी साडेपाच-सहाला गंगापूर रोडवर जाऊन बघा, हेल्मेटवाल्यांची रांगच लागलेली असते. २०१५ साली आमच्या इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस अक्रॉस अमेरिका टीम म्हणून पूर्ण केली, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची जवळपास ४८०० किमीची ती सायकल रेस, त्यानंतर तर गावात सायकलची जी हवा झाली ती अजून आहे. आणि त्या रांगेतल्या नव्या लोकांना, विशेषतः माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या बायकांना, घरचे दारचे सगळे एकच प्रश्न विचारतात, की मग, किती उतरलं वजन? मला हा प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय आणि इतक्या जणी ह्याच एका प्रश्नापायी चांगली चालू असलेली सायकल गॅलरीत लावून बसल्यात, की म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू.

मी बँकेत नोकरी करते, दिवसभर खुर्चीत. सायकल सुरू केली तेव्हा वजन ७४ किलो, उंची पाच फूट दोन इंच, आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा सांगणारी तपासणी) ६.२ आलेला, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. डॉक्टरबाईंनी कमरेला टेप लावला, ९४ सेंटीमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० च्या पुढे गेलं की धोका धरतात, पुरुषांसाठी ९०. त्या म्हणाल्या व्यायाम सुरू करा, कुठलाही, जो टिकेल तो. मला सायकल आवडते, शाळेत असताना पंचवटीतून सायकलनेच यायचे जायचे, म्हणून हायब्रिड सायकल घेतली आणि सुरू केलं. आठवड्यात पाच सकाळी गंगापूर धरणाकडे, वीस-बावीस किलोमीटर, आणि रविवारी ग्रुपबरोबर त्र्यंबक. पाऊस जोरात असेल तेवढीच सुट्टी.

पहिल्या महिन्यात वजन किलोभर वाढलं! त्याचं कारण मला नंतर कळलं पण इथेच सांगते, कारण पुष्कळ जणी इथेच सोडतात. स्नायूंना काम मिळायला लागलं की ते साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, जास्त भरून ठेवतात आणि त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. शिवाय दुखऱ्या पायांत थोडी सूज असते. म्हणजे तो किलो चरबीचा नसतो, त्याला घाबरायचं काहीच कारण नाही.

पण नंतरही काही महिने वजन ७४ च्या आसपासच. कधी ७३.६, कधी ७४.३. थायरॉइड करून घेतलं, नॉर्मल. इकडे पायांत ताकद आलेली कळत होती, दम लागणं गेलं होतं, झोप छान लागत होती, आणि काटा तिथेच. मग मी बसून हिशेबच मांडला, तेवढं तर येतं मला.

हिशेब असा. चरबीच्या एका किलोत साधारण ७७०० कॅलरी. माझं घड्याळ एका सकाळच्या राइडला सातशेच्या घरात कॅलरी दाखवायचं. त्या हिशेबाने आठवड्याला ३५००, दोन-सव्वादोन आठवड्यात एक किलो जायला पाहिजे. मग मी त्या सातशेच्या मागे लागले. मनगटावरच्या घड्याळांचं असं असतं की हृदयाचे ठोके ती बऱ्यापैकी बरोबर मोजतात पण कॅलरी म्हणजे अंदाजपंचे. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी अशी सात यंत्रं लोकांच्या हातात घालून तपासली, तर सगळ्यात चांगलं होतं तेही कॅलरीत सरासरी २७ टक्के चुकत होतं आणि सगळ्यात वाईट होतं ते ९३ टक्के. आणि दुसरं म्हणजे त्या आकड्यात अशा पण कॅलरी धरलेल्या असतात ज्या तुम्ही त्या तासात नुसत्या सोफ्यावर बसून राहिलात तरी खर्च झाल्याच असत्या, माझ्या वजनाला तासाला साधारण ७४. त्या वजा करायला हव्यात ना, त्या काय सायकलच्या खात्यातल्या नव्हेत.

मग खरा आकडा किती? ताशी पंधराच्या वेगाने, सपाट रस्त्यावर, सिग्नल-बिग्नल धरून माझ्यासारखीला तासाला तीनशेच्या आसपास. म्हणजे किलोमीटरला वीस कॅलरी. तेच एक किलोमीटर मी धावले असते तर सत्तर-पंच्याहत्तर गेल्या असत्या. फरक एवढा का, तर धावताना दर पावलाला अख्खं अंग उचलायचं असतं आणि सायकलवर ते सीटवर बसलेलं असतं, खाली चाकं. सायकल हे माणसाने बनवलेलं फार काटकसरी वाहन आहे, कमीत कमी ताकदीत जास्तीत जास्त लांब नेणारं. दूधवाले, पेपरवाले, पोस्टमन म्हणूनच तर सायकल वापरायचे. गुडघ्यांना म्हणूनच ती सोसते, आणि वजन उतरवायला म्हणूनच पुरी पडत नाही. वारा पण लक्षात घ्या, हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या तिपटीत नाही तर घनात वाढते, म्हणजे वेग दुप्पट केला तर आठपट. ताशी तीसच्या वेगाने जाणाऱ्या मुलांचा आणि पंधराने जाणाऱ्या माझा खर्च म्हणून एका पंगतीत बसूच शकत नाही.

ह्याच्यात अजून एक गोष्ट होती, ती मला ग्रुपमधल्या एका काकांनी दाखवली. साठीच्या पुढचे आहेत, शांतपणे मागे मागे चालवतात. त्र्यंबकहून परत येताना अंजनेरीच्या पुढे माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, "ताई, जरा तुमच्या मागच्या चाकाचा आवाज ऐका." मला कळेना. आवाज कसला, तर पॅडल मारणं थांबवलं की फ्रीव्हीलची ती कटकटकट कटकटकट चालू होते ना, ती. म्हणे, "ही कटकट चालू असेल तेव्हा सायकल चालतेय, तुम्ही नाही चालवत." आणि खरंच, त्र्यंबक नाशिकपेक्षा उंचावर आहे, परतीच्या वाटेवर बऱ्याच ठिकाणी उतार, मी घरापर्यंत ऐकत आले तर निम्म्याहून जास्त वेळ कटकटच. पुढे मी क्रँकला, म्हणजे पॅडलच्या दांड्याला, एक छोटा सेन्सर लावला, तो पॅडलचे फेरे मोजतो, त्यात तर अगदी स्वच्छ दिसलं की दोन तासांच्या राइडमध्ये पायांनी काम केलेला वेळ किती कमी आहे.

म्हणजे ही कटकट वजा जाता सकाळची एक राइड खऱ्या अर्थाने साडेतीनशे कॅलरी, पाच दिवसांच्या मिळून सतराशे-अठराशे. खाण्यात तिळाएवढाही फरक पडला नाही असं धरलं तरी एक किलो जायला चार आठवड्यांपेक्षा जास्त. आणि खाण्यात फरक पडतोच, त्याशिवाय शरीर ऐकत नाही.

आता खाण्याकडे येते. नाशिकची सायकलिंगची रविवार सकाळ मिसळीशिवाय होत नाही, हे काही मी वेगळं सांगायला नको. त्र्यंबक रोडला मिसळ, मखमलाबादकडे गेलं तरी मिसळ, मळ्यात, झाडाखाली, बाजेवर बसून मिसळ. मटकी, रस्सा, वरून लालभडक तर्री, पापड, दही, पाव दोन म्हणता म्हणता तीन, मग जिलबी येते आणि शेवटी चहा. माझ्या अंदाजाने आठशे कॅलरीच्या खाली काही ते बसत नाही. साठ किलोमीटरमध्ये हजार-बाराशे खर्च झालेल्या. घरी आल्यावर सासूबाई म्हणणार, "एवढी दमून आलीस, बस दोन घास खाऊन घे," आणि गरम पोळीवर तूप. मायेने वाढलेलं असतं, नाही कसं म्हणणार, मी नाही म्हणायचे पण नाही. तर रविवारी ह्या बाजूचं त्या बाजूला फिटून वर थोडं जमाच.

मिसळ आठवड्यातून एकदा. त्यापेक्षा मोठी भर रोजच्या स्वयंपाकात होती आणि ती मला तेलाच्या डब्यावरून सापडली. किराणा सामानाची यादी समोर घेतली. आम्ही घरात चार माणसं, मी, अहो, सासूबाई आणि कॉलेजला जाणारा मुलगा. महिन्याला तेल सहा लिटर. भागाकार केला, माणशी रोजचे ५० मिली. ५० मिली म्हणजे ४६ ग्रॅम, ग्रॅमला ९ कॅलरी, चारशेच्या वर कॅलरी नुसत्या तेलाच्या, म्हणजे माझ्या अख्ख्या सकाळच्या राइडपेक्षा जास्त! तळण आम्ही रोज करत नाही, तरी. फोडणीला तेल आपण बाटलीतून सरळ ओततो, हात थांबेल तिथे थांबेल. मी एक दिवस फोडणीला ओतायच्या आधी ते वाटीत ओतून चमच्याने मोजलं, भेंडीच्या भाजीला सहा टेबलस्पून निघालं. एका टेबलस्पूनला सव्वाशे कॅलरी. सासूबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या, त्या पण दचकल्या, आणि त्यांनीच दुसऱ्या दिवसापासून कढईजवळ स्टीलचा छोटा चमचा ठेवला, जो अजूनही तिथेच आहे. आता महिन्याला साडेतीन लिटर लागतं. चव गेली नाही, भाजी कोरडी पडते म्हणून झाकण ठेवून वाफेवर शिजवतो एवढंच.

नाश्त्याचे पोहे पण असेच मोजले. पोहे हलके असतात असं आपण धरून चालतो, पण वर मूठभर शेंगदाणे, तेल, खोबरं, आणि राइडहून आलेय म्हणून दुसऱ्यांदा थोडे, सोबत साखरेचे दोन चहा. गुळाचा चहा केला तरी कॅलरीत फरक नाही हो, गूळ काय आणि साखर काय, ग्रॅमला जवळपास चारच.

तिसरी गोष्ट मात्र मला स्वतःला सगळ्यात जास्त नवलाची वाटली. माझा फोन पावलं मोजतो. सायकलची पावलं तो मोजत नाही, त्यामुळे दिवसभर बाकीची हालचाल किती ते त्यात वेगळं दिसतं. ज्या दिवशी सायकल, त्या दिवशी पावलं कमी! सरळ दिसत होतं. बँकेत जिन्याऐवजी लिफ्ट, दुपारच्या जेवणानंतर एक चक्कर मारायचे ती बंद, संध्याकाळी कोथिंबीर आणायला मुलाला पिटाळणं, रविवारी तर दुपारी आडवी झाले की चार वाजेपर्यंत. कुणी ठरवून करत नाही, शरीर आपोआप हात आखडता घेतं. उभं राहणं, फिरणं, आवराआवर, बोलताना येरझाऱ्या घालणं ह्या असल्या बारीकसारीक हालचालींमध्ये दिवसाचा खर्च खूप असतो आणि व्यायामाच्या बदल्यात शरीर तिथे कपात करतं. हर्मन पाँट्झर नावाचे अमेरिकन संशोधक आहेत, त्यांनी टांझानियातल्या हाडझा लोकांचा अभ्यास केला, २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. हे लोक अजून शिकार करून, कंदमुळं खणून राहतात, दिवसभर चालतात. तर शरीराचा आकार हिशेबात धरल्यावर त्यांचा दिवसाचा एकूण ऊर्जेचा खर्च शहरात बसून काम करणाऱ्या अमेरिकन माणसाएवढाच निघाला. मी हे वाचलं तेव्हा माझ्या फोनमधली पावलं डोळ्यासमोर आली.

हे सगळं कळल्यावर मी सायकल कमी केली नाही. हे मला ठासून सांगायचंय, कारण लोक इथपर्यंत ऐकतात आणि म्हणतात मग कशाला चालवायची. ज्या काळात माझं वजन ७४ च्या आसपासच अडकलं होतं त्याच काळात एचबीएवनसी ६.२ वरून ५.८ वर आला होता, ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, खाली आले होते आणि सकाळी उठल्या उठल्या मोजले तर नाडीचे ठोके ७८ चे ६६ झाले होते. डॉक्टरबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, "वजनकाटा तुम्हाला हृदय दाखवत नाही, हा कागद दाखवतो." स्नायू कामाला लागले की रक्तातली साखर ओढून घेतात, त्यासाठी वजन उतरायची वाट बघावी लागत नाही. ज्या जणी सायकल सोडून बसल्यात त्यांच्यासाठी मला वाईट वाटतं ते ह्याचसाठी.

बदल केले ते बाकीच्या ठिकाणी. तेलाचं सांगितलंच. दुसरं प्रोटीन. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, शिफारशीप्रमाणे वजनाच्या किलोला ०.८३ ग्रॅम, म्हणजे मला रोज साठच्या वर लागतं. मोजलं तर माझ्या ताटात चाळीसच्या आसपास पडत होतं. वाटीभर पातळ वरण, तीन पोळ्या, थोडं दूध, ह्याने काही होत नाही. आमच्याकडे अंडी चालतात, मग नाश्त्याला पोह्यांऐवजी दोन अंडी आणि एक भाकरी, किंवा मोडाच्या मटकीची उसळ भरपूर, तर्रीशिवाय, दुपारी दही, रात्री वरण घट्ट. ह्याने झालं काय की राइडनंतर अकराच्या सुमाराला जी कडकडून भूक लागायची, ती लागेना. आणि ती भूक गेल्यामुळे बँकेतल्या वाढदिवसांचे सामोसे पण गेले.

तिसरं म्हणजे वजनं उचलणं. हे मला डॉक्टरबाईंनी सांगितलं आणि पटायला वेळ लागला, कारण जिम म्हणजे पोरांचं काम अशी आमच्या पिढीची समजूत. पण तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, बायकांमध्ये पाळी जायच्या वयात तर हाडं पण, आणि सायकलवर अंगाचा भार सीटवर असल्याने हाडांना तो ताण मिळतच नाही जो मिळायला हवा. वर्षानुवर्षं सायकल चालवून पाय लोखंडासारखे आणि हाडं मात्र ठिसूळ असं होऊ शकतं. आणि कमी खाऊन वजन उतरवताना ताकदीचा व्यायाम नसेल तर चरबीबरोबर स्नायू पण जातात. म्हणून पाचपैकी दोन सकाळी सायकल बंद आणि त्या जागी डंबेल्स, उठाबशा, भिंतीला टेकून पुशअप, नंतर जमायला लागले तसे जमिनीवर. आणि जमेल तेव्हा पांडवलेणीच्या पायऱ्या, तिथे स्वतःचं वजन स्वतःच वर न्यायचं असतं, उताराची सोय नाही.

राहिलेल्या राइड्स पण तशाच ठेवल्या नाहीत. धरणाकडे जाताना चढ आले की आता खालच्या गिअरवर निवांत न जाता तीन-चार मिनिटं असं चालवायचं की शेजारणीशी बोलता येऊ नये, मग तेवढंच हळू, परत जोर. उतारावर पण पाय फिरते ठेवायचे, कटकट ऐकू आली की मारायला लागायचं. तासाभराच्या राइडमध्ये असं केलं तर घाम वेगळाच येतो.

आणि सायकलच्या दिवशी पावलांवर लक्ष. जेवणानंतर पंधरा मिनिटं बँकेच्या आवारात चक्कर, लिफ्ट नाही, कोथिंबीर मीच आणते.

मग काटा हलला, पण हळू. महिन्याला अर्धा-पाऊण किलो, एखाद्या महिन्यात काहीच नाही, गणपती-दिवाळीत थोडं वर. वर्षभरात ७४ चे ६७ झाले, कंबर ९४ ची ८६. अजून ८० व्हायचीय. मैत्रिणी विचारतात एवढ्यासाठी वर्ष? तर हो, एवढ्यासाठी वर्ष, आणि परत वाढलेलं नाही, कारण उपाशी मी एकही दिवस राहिले नाही. मिसळ पण सुरू आहे, दोन पाव, जिलबी अहोंच्या ताटात, आणि त्या दिवशी घरी आल्यावर सासूबाई आता ताकाचा तांब्या पुढे करतात.

सध्या आमच्या ग्रुपची तयारी चाललीय ती आषाढीच्या आधी निघणाऱ्या नाशिक-पंढरपूर सायकल वारीची. मी यंदा पहिल्यांदा जातेय. ज्या जणी पहिल्यांदाच येतायत आणि वजनासाठी म्हणून येतायत त्यांना एक सांगून ठेवते, की दिवसाला शंभरच्या वर किलोमीटर असतील तेव्हा हा कॅलरीचा हिशेब घरी ठेवून या. तिथे कमी खाल्लं तर दुपारनंतर हातपाय गळतात, डोळ्यापुढे अंधारी येते आणि हायवेवर ते फार धोक्याचं. लांबच्या राइडला तासाला तीस ते साठ ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतात, एका केळ्यात साधारण पंचवीस असतात, म्हणजे तासाला एक केळं आणि वर दोन-चार खजूर किंवा चिक्कीचा तुकडा, भूक लागायची वाट न बघता. पाण्यात मीठ-साखर-लिंबू घालून एक बाटली, साधं पाणी दुसरीत. माझ्या हँडलला पुढे एक छोटी पिशवी लावून घेतलीय त्यासाठीच, चालवता चालवता हात घालता येतो.